समाप्तच्या पुढचं रीळ

गंगापूर रोड, नाशिक
९ जानेवारी २०२५

आदरणीय रंगनाथ सर,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून म्हणाल, छायाबाईंना आज बरी आठवण झाली. खरंच आहे. तुम्ही निवृत्त होऊन वणीला गेलात, तेव्हापासून मी येते येते म्हणते आहे आणि येत नाही. आता काम पडलं तर लिहायला बसले. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि नातीच्या तोंडून निरोप गेला की तुम्ही अर्ध्यातच "कळलं, कळलं" म्हणता, हे मला चैतालीनंच सांगितलं. म्हणून कागद.

सर, आपली खोली मरायला टेकली आहे. मायक्रोफिल्म विभागाचा एसी मागच्या उन्हाळ्यात बंद पडला, तो पडलाच. पावसाळ्यात भिंतींना ओल आली. दिवाळीनंतर कपाट उघडलं तर शिरक्याचा आंबट वास. आमचा शिपाई राजू म्हणतो, "मॅडम, पाणीपुरीची गाडी लावायची का इथं?" पहिल्यांदा मीही हसले. मग एक रीळ सोडून पाहिलं, तर फिल्म कुरडईसारखी वाकडी झालेली. तेव्हापासून हसू येत नाही.

नवे ग्रंथपाल ललित सर तरुण आहेत, वाईट नाहीत. पण त्यांना या खोलीत स्टुडिओ करायचा आहे. त्यांनी सांगितलं, मार्चपर्यंतच्या निधीत दोनशे रिळं स्कॅन होतील, कोणती ते तुम्ही ठरवा. बाकीची, फिल्मवरची चांदी काढून विकणाऱ्या माणसाला द्यायची. आपल्याकडे हजाराच्या आसपास रिळं आहेत, तुम्हाला माहीतच आहे.

आता माझं खरं दुखणं सांगते. आईचं हृदय थकलं आहे. डॉक्टर काही स्पष्ट बोलत नाहीत, पण जिन्यात मला बाजूला घेऊन बोलतात, त्यावरून समजायचं ते समजले. गेल्या आठवड्यात आई एकदम म्हणाली, "विशाखाचा फोटो पेपरात आला होता, तो मला बघायचाय." विशाखा माझी मोठी बहीण. माझ्या जन्माआधीच गोवरानं गेली, पाच वर्षांची होती. घरात तिचं नाव निघत नसे. मला एवढंच माहीत होतं की होती. तिचा आयुष्यात एकच फोटो काढला होता. ती गेल्यावर बाबांनी तो छपाईचा ब्लॉक करायला दिला आणि त्यांच्या 'पाणवाट' साप्ताहिकात पहिल्या पानावर छापला. ब्लॉकवाल्यानं मूळ फोटो हरवला. आईनं तेव्हा रागानं तो अंक हातात घेतला नाही. म्हणाली होती, पोरीचा बाजार मांडला. आणि घरातले सगळे अंक २००८ च्या पुरात गेले.

बाबांच्या दहाव्याला तुम्ही आला होतात. तेव्हा म्हणाला होतात, "तुझ्या वडिलांचं अख्खं पाणवाट मी फिल्मवर घेतलंय, काळजी नको." कॅटलॉगमध्ये पाणवाट कुठंच नाही. सर, ते कोणत्या रिळात आहे? मला दुसरं काही नको. तिचा चेहरा आईला एकदा दाखवायचा आहे. आणि खरं सांगू का, मलाही बघायचा आहे.

उत्तर लवकर द्या.

तुमची,
छाया गांगुर्डे

---

वणी
१७ जानेवारी

चि. छाया,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कामापुरती आठवण काढल्याबद्दल आभारी आहे, नाहीतर आजकाल लोक कामापुरतीही काढत नाहीत. इथं माझं बरं चाललं आहे. जावयाचे द्राक्षाचे मळे दिंडोरीकडे, तो दिवसभर फवारणीच्या मागे. मुलगी मंदिराच्या गर्दीत दुकान सांभाळते. चैताली कॉलेजात. मी ओट्यावर. कान गेल्यापासून जग फार सभ्य झालं आहे, कुणी उलटून बोललेलं ऐकू येत नाही.

आधी फिल्मचं बघ. डब्यांना चिकटपट्टी लावून वास कोंडत असशील तर आजच काढ. वास बाहेर गेला पाहिजे. कोंडला की फिल्म स्वतःलाच खात जाते. आणि वास येणारी रिळं चांगल्यांपासून लांब ठेव. आंबा नासला की आपण पाटीत ठेवतो का? तसंच. ज्या रिळाला चिकट पाणी सुटलंय त्याच्यावर वेळ घालवू नकोस, ते गेलं.

तुमच्या ललित सरांना म्हणावं, स्टुडिओत फोटो काढून घ्या आणि चाळीस वर्षांनी कुणाला दाखवता येतात का बघा. नको, म्हणू नकोस. तुझी नोकरी आहे.

आता पाणवाट. अगं, मला काय विचारतेस, मी डोळे मिटून सांगतो. एकोणनव्वद साल. कोंडाजीराव सायकलच्या कॅरिअरला गठ्ठा बांधून आले होते. सुतळीच्या खाली धोतराचं फडकं घातलं होतं, कागदाला वळ पडू नये म्हणून. मी पंधरा दिवस ते अंक कॅमेऱ्याखाली घेत होतो आणि ते समोर स्टुलावर बसून राहायचे. पान उलटायला मला हात लावू देत नव्हते. असा माणूस.

ते सगळं तिसऱ्या कपाटात आहे, खालच्या दोन खणांत. जिल्ह्यातली बारकी पत्रं तिथं ठेवायची हे माझंच ठरलं होतं. कॅटलॉग करणारा तेव्हा आळशी होता. मोठ्या दैनिकांची पानंपानं लिहिली, आणि बारक्यांच्या डब्यांवर नुसतं 'इतर' लिहून मोकळा झाला. 'इतर' लिहिलेले डबे काढ. ते सगळे वाचव. बाकी जाईना का.

सिंधुवहिनींना सांग, रंगनाथनं सांगितलंय फोटो मिळणार. मी सांगितलं म्हणजे मिळणार.

तुझा,
रंगनाथ

---

नाशिक
२७ जानेवारी

आदरणीय सर,
जयभीम.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. "मी सांगितलं म्हणजे मिळणार" हे तिनं दोनदा वाचायला लावलं. त्या दिवशी चार घास जास्त जेवली. सर, तुम्हाला काय सांगू, त्या रात्री मला कित्येक दिवसांनी झोप लागली.

तिसरं कपाट उघडलं. खालच्या खणांत खरंच 'इतर', 'इतर', 'इतर'. पण वास तिथंच सगळ्यात जास्त. रिळं चिकटलीत, हातानं सोडायला गेलं तर फिल्म तुटते. रीडर मशीनचा दिवा गेली सहा वर्षं नाही, कंपनी बंद झाली. प्रोजेक्टरचा दिवा बसवून पाहिला तर काच तडकली. म्हणून आत काय आहे ते आत्ता कळणार नाही, स्कॅन झाल्यावरच कळेल. पण तुम्ही सांगितलंय म्हटल्यावर मी शंका घेतली नाही.

दोनशेच्या हिशेबात ते कपाट बसवायचं तर दुसरं काहीतरी सोडायला हवं होतं. मी ललित सरांकडे गेले. म्हटलं, सर, मुंबईच्या मोठ्या दैनिकांची जी चारशे-साडेचारशे रिळं आहेत, ती मुंबईतल्या एका ग्रंथालयानं आधीच स्कॅन करून इंटरनेटवर टाकली आहेत. त्यांच्यावर आपले पैसे कशाला? ती सगळी द्या चांदीवाल्याला, आणि तिसरं कपाट पूर्ण स्कॅनला घ्या. ते इतके खूश झाले की चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, हा खरा प्रोफेशनल निर्णय. मला वाटलं होतं तुम्ही प्रत्येक रिळासाठी रडाल." मी मनात म्हटलं, रडायचं ते एकासाठीच रडून झालंय.

खरं तर दैनिकांची रिळं उत्तम आहेत, वास नाही, वाकलेली नाहीत. हात लावताना वाईट वाटलं. पण जे दुसरीकडे आहे ते जाऊ द्यावं आणि जे कुठंच नाही ते धरावं, हे तुम्हीच मला शिकवलंत. बरोबर केलं ना?

३ फेब्रुवारीला सोमवारी भद्रकालीतला सरफराज नावाचा माणूस गाडी घेऊन येतो आहे.

एक विचारू? तुम्ही पान घेताना फोटो बघितला असेल. चेहरा नीट आला होता का? आई रोज विचारते. तिला आता श्वास घेऊन घेऊन बोलावं लागतं, तरी विचारते.

तुमची,
छाया

---

वणी
४ फेब्रुवारी

छाया,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. इथला पोस्टमन भाच्याच्या लग्नाला गेला होता, टपाल पडून राहिलं. वाचून तसाच उठलो. चैतालीला फोन लावायला सांगितलं. तुझा बंद. ग्रंथालयात लावला. कुणी राजू म्हणाला, "मॅडम रजेवर, आई दवाखान्यात. गाडी काल गेली."

तरी लिहितो. कुणीतरी तुला देईल. तू धाव.

दैनिकं द्यायची नव्हती. चूक तुझी नाही, माझी आहे. पाणवाट तिसऱ्या कपाटात नाही. तिथं ठेवायचं ठरवलं होतं एवढंच खरं. बारक्या पत्रांसाठी फिल्म मागितली, तर वरून उत्तर आलं, अशा पत्रांवर सरकारी फिल्म खर्च करू नये. ते मी पार विसरून गेलो होतो. ठरवलेलं आठवलं, झालेलं आठवलं नाही. तुझ्या पत्रात 'मुंबईची दैनिकं' हे शब्द वाचले आणि सगळं एकदम समोर आलं.

अगं, दैनिकाचा एक महिना संपला तरी रिळावर फिल्म उरायची. शंभर फुटांतली कधी पंधरा, कधी वीस. नियम असा की 'समाप्त' लिहिलेला पुठ्ठा धरून फोटो घ्यायचा आणि उरलेली कोरी सोडायची. मला ते बघवत नव्हतं. मी पुठ्ठा धरायचो आणि त्याच्या पुढे पाणवाट घ्यायचो. एका रिळावर चार अंक, दुसऱ्यावर सहा. कुणाला कळायचं नाही, कारण वाचणारा 'समाप्त' दिसलं की रीळ मागं फिरवतो. तूही फिरवलं असशील. मी नव्वद साली ते सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि नंतर सांगायला कुणी उरलं नाही.

मुंबईवाल्यांनी स्कॅन केलं ते त्यांच्या स्वतःच्या रिळांवरून. त्यांच्या समाप्तच्या पुढे काहीच नाही. आपल्याच रिळांच्या पुढे होतं.

त्या सरफराजला गाठ. त्याच्या पायावर डोकं ठेव. मी येतो म्हटलं तर ही लोकं सोडत नाहीत.

रंगनाथ

---

सिव्हिल हॉस्पिटल, नाशिक
१२ फेब्रुवारी

सर,

तुमचं पत्र मला सात तारखेला मिळालं, पण त्याआधीच कळलं होतं. पाच तारखेला दुपारी फोन सुरू केला. दोन दिवस आयसीयूच्या दारात बंदच ठेवला होता. त्यावर एकाच नंबरचे कॉल. लावला तर चैताली. ती रडत रडत सांगत होती आणि मला काही समजत नव्हतं. समजलं तेव्हा रिक्षात बसले.

सरफराजभाई चांगला माणूस आहे. मी काय बोलले ते मलाच माहीत नाही. त्यांनी आधी मला खुर्ची दिली. त्यांच्या बायकोनं, जुलेखाभाभींनी, पाणी आणलं. मग म्हणाले, "ताई, सोमवारी माल आला, मंगळवारपासून धुवायला घेतला. पडून ठेवला तर मोहल्ल्यातले ओरडतात, काय सडवतोस म्हणून." आणि मला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं.

गरम सोड्याच्या पाण्याची पिंपं. त्यातून काढून दोरीवर टाकलेली फिल्म. सर, त्यावर काहीच नव्हतं. स्वच्छ, आरपार. मी एक टोक हातात धरलं तर पलीकडची भिंत दिसत होती. सरफराजभाई म्हणाले, "चांदी निघाली की मागं नुसतं प्लास्टिक राहतं, ताई. अक्षर चांदीतच असतं." हे मी वीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आले आहे. तिथं उभं राहून पहिल्यांदा कळलं.

एक गोणी धुवायची राहिली होती. त्यांनी ती अंगणात ओतली. आम्ही तिघांनी मिळून एकेक रीळ सोडलं, उन्हाकडे धरून भिंगानं पाहिलं. समाप्तचा पुठ्ठा आला की मी भिंग आणखी जवळ न्यायचे. आणि सर, त्याच्या पुढे खरंच होतं! एकावर कुठल्या तमाशा मंडळीची वही. एकावर उर्दूतलं विणकरांचं पत्रक, ते जुलेखाभाभींनी वाचून दाखवलं. एकावर आदिवासी वसतिगृहातल्या मुलांचं हस्तलिखित मासिक. तुम्ही काय काय लपवून ठेवलं होतंत! पाणवाट नव्हतं. गोणी संपली.

ती गोणी त्यांनी मला तशीच परत दिली. ललित सरांना ती दाखवली, तर त्यांनी एक रीळ खिडकीकडे धरून पाहिलं. मग म्हणाले, मला कुणी सांगितलं का नाही? तिसरं कपाट स्कॅन होऊन आलंय. 'इतर' म्हणजे खतांची माहितीपत्रकं. दोन खण भरून खतांची माहितीपत्रकं, सर.

तुम्ही डोळे मिटून सांगितलंत आणि मी डोळे मिटून ऐकलं. चांगली, धडधाकट रिळं माझ्या हातानं उचलून गाडीत दिली. राजूला म्हटलं होतं, हळू ठेव रे, आपटू नकोस. तुमच्यावर राग काढायचा म्हणून हे लिहायला घेतलं होतं. राग आहेच. तुम्ही म्हातारे आहात, विसरलात, हे मला कळतं, तरी आहे. आता मला पत्र पाठवू नका.

आईला आज वॉर्डात आणलं. नाकाला नळी. मी आत गेले तर पहिला शब्द, "सापडला का?" मी म्हटलं, स्कॅन व्हायचंय. उद्याही तेच म्हणेन. परवा काय म्हणू?

छाया

---

वणी
२० फेब्रुवारी

चि. छाया,

पाठवू नको म्हणालीस तरी पाठवतो आहे. हे तुझ्यासाठी नाही, वहिनींसाठी आहे. त्यांना वाचून दाखव.

सिंधुवहिनींना रंगनाथचा नमस्कार. फोटो मी पाहिला आहे. कॅमेऱ्याखाली पान आलं तेव्हा कोंडाजीराव स्टुलावरून उठून बाहेर गेले होते, म्हणून मी ते पान जरा जास्त वेळ पाहिलं. मला चांगलं आठवतं. सांगतो.

मुलगी उभी आहे. पांढरा फ्रॉक, फुग्यांच्या बाह्या. दोन्ही बाजूंना वेण्या आणि त्यांना रिबिनीची फुलं. पायांत मोजे, त्यातला डावा घसरून घोट्यावर आलेला. हातात लाकडी बाहुली धरली आहे. ती कॅमेऱ्याकडे बघत नाही, बाजूला कुणीतरी हाक मारल्यासारखी तिकडं बघते आहे. ओठ जरा उघडे. पुढचा एक दात पडलेला. छपाई चांगली होती, शाई पसरली नव्हती. गालावर खळी दिसते. फार गोड मुलगी, वहिनी. ते पान मी दोनदा घेतलं, एक बिघडलं तर दुसरं असावं म्हणून.

एवढं तुम्हाला सांगायचं होतं.

छाया, तुझ्यासाठी काही लिहिण्याचं तोंड मला नाही.

रंगनाथ

ता. क. ताई, मी चैताली. आजोबांना न सांगता हे खाली लिहिते आहे. तुमचं पत्र आल्यापासून ते नीट जेवत नाहीत. हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. मला विचारत होते, पाच वर्षांच्या मुलीचे किती दात पडतात गं? मग माझा बालवाडीतला फोटो मागून घेतला आणि समोर ठेवून लिहीत बसले. तुम्ही त्यांच्यावर रागावू नका ना. त्यांना दोन ओळी पाठवा.

---

सिव्हिल हॉस्पिटल, नाशिक
२५ फेब्रुवारी

आदरणीय सर,
जयभीम.

तुमचं पत्र काल मिळालं. चैतालीनं खाली काय लिहिलं होतं ते मी तुम्हाला सांगणार नव्हते, पण आता लपवालपवी पुरे झाली. तुम्ही तो फोटो पाहिलेला नाही, किंवा पाहिला असेल तर आठवत नाही. रिबिनी, बाहुली, मोजे, सगळं चैतालीचं आहे. माझी पहिली इच्छा झाली की कागद चुरगळून टाकावा.

टाकला नाही, कारण आई जागी होती आणि तिनं पाकीट ओळखलं. "वणीचं का? वाच." मी टाळायला लागले तर म्हणाली, "फोटो नाय सापडणार, मला ठावं हाय. चार दिस झाले तुझं तोंड बघतीये. वाच तू."

मग वाचलं. जिथं जीभ अडखळली तिथं तशीच पुढे गेले. आई डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, झोपली. बरंच झालं म्हणून कागदाची घडी करायला घेतली.

"मोजे?" आई म्हणाली. "आमच्याकडं कुठले आले मोजे."

मी घडी पुन्हा उघडली.

"आन् वेण्या कशाच्या? उवा झाल्या होत्या म्हणून तुझ्या बापानं सगळं डोकं भादरून आणलं होतं तिचं. मी लय भांडले त्या दिवशी. फोटोवाल्यानं टोपी दिली घालायला, तर तिनं ती भिरकावून दिली. तशीच काढा म्हणाली. पाच वर्षांची पोर, पण तसंच काढा म्हणाली."

सर, मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. माझ्या बहिणीबद्दल आईच्या तोंडून एवढी वाक्यं मी आयुष्यात ऐकली नव्हती.

"फ्रॉक पांढरा नव्हता. माझ्या निळ्या लुगड्याचा, पदराचा भाग घेऊन मी शिवला होता, काठ खाली आला होता घेराला. बाहुली नव्हती. ती एकटी उभीच राहीना, म्हणून मी बोट दिलं. तिनं माझं बोट धरलं होतं. फोटोत माझा हात आला कडेला, अर्धा. तुझा बाप म्हणाला, ब्लॉकवाल्याला सांगतो हात कापायला. मी म्हटलं, खबरदार. तरी कापला का नाय ते मला ठावं नाय, मी बघितलंच नाय पेपरात. तेच बघायचं होतं मला. हात ठेवला का कापला."

एवढं बोलून तिला खोकला आला, नर्स धावली. मी बाहेर येऊन जिन्यात बसले. इथं किती माणसं येतात-जातात, त्यांच्यासमोर मी मोठमोठ्यानं रडले. तो हात ठेवला की कापला, ते आता कधीच कळणार नाही. ज्या एका गोष्टीसाठी तिला तो अंक पाहिजे होता, ती त्या सोड्याच्या पाण्यात गेली, आणि तिथं मी पाठवली.

संध्याकाळी तिला विचारलं, रंगनाथ सरांना काय लिहू? मला वाटलं, म्हणेल, कशाला खोटं लिहिता. ती म्हणाली, "त्या बाबाला लिही, लय मन लावून लिहिलंय. आन् म्हणावं, आजून काय काय दिसतं फोटोत, ते पण लिवा."

डॉक्टर आज पुन्हा जिन्यात भेटले. होळीपर्यंत म्हणाले, मग म्हणाले, बघू.

म्हणून सर, माझा राग मी सोडला, तुम्हीही स्वतःवरचा सोडा. आज पत्र मिळेल तर आजच बसा. चैतालीला सांगा, पत्राचा फोटो काढून मोबाईलवर लगेच पाठव, टपालाची वाट बघू नका. विशाखा हसायची कशी ते लिहा. तिला काय आवडायचं, कुणाला घाबरायची, तापात काय मागितलं ते लिहा. तुम्हाला यातलं काही माहीत नाही हे मला माहीत आहे. काहीही लिहा, मनानं लिहा, सगळं चुकीचं लिहा. आई दुरुस्त करेल.

तुमची,
छाया